श्रीमती घोलप

सोनाआत्या दारात चपला काढता काढताच रडायला लागली, तेव्हा मी माझ्याच शालूला फॉल लावत बसले होते आणि आई एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होती.

"वसंतदादा गं माझा!" म्हणत तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. मापाची टेप दोघींच्या मध्ये अडकली. माप द्यायला आलेली बाई हात वर करून तशीच उभी राहिली.

"वन्स, काय झालं? कोण गेलं?" आईनं विचारलं.

"आता माझ्याच तोंडून वदवतीस व्हय वहिनी? अगं, कळवायचं तरी. चुलत असले तरी बहीणच की मी. तोंड बघायला तरी आले असते."

असं म्हणून तिनं डोळे पुसले, मान वर केली आणि तिचं रडं एकदम थांबलं. तिला आईचं कपाळ दिसलं. आई मेणावर कुंकू लावायची, चांगलं ठसठशीत. गळ्यात काळी पोत होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्यातल्या दोन कालच भरलेल्या, कारण पाच दिवसांवर माझं लग्न आलं होतं.

"हे काय वहिनी?" सोनाआत्या म्हणाली.

"काय हे?"

"कुंकू?"

आईला काही कळेना. मला कळलं होतं. मी मान खाली घालून टाके घालत राहिले.

सोनाआत्यानं पिशवीतून माझी लग्नपत्रिका काढली. पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना आईच्याच हातानं लावलेलं हळदकुंकू होतं. तीनशे पाकिटांना आईनं असं हळदकुंकू लावलं होतं, एकही न उघडता. "हे बघ की. तूच छापलंयस आन् मला विचारतीस."

आईनं मशीनच्या खणातून चष्मा काढला. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. बोट ठेवून ती वाचायची. तिचं बोट 'चि. सौ. कां. उज्ज्वला' वरून पुढं गेलं, खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं. तिथं छापलं होतं, 'श्रीमती शालन घोलप, फलटण यांची सुकन्या'.

"ह्यांचं नाव कुठाय?" आई म्हणाली.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्हाला टाकून इचलकरंजीत दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडलेल्या माणसाला आई अजून 'हे' म्हणायची. मी तिच्या तोंडून त्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

"नाही छापलं," मी म्हणाले.

सोनाआत्या आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग तिला उलगडा झाला आणि ती उठली. "म्हंजे दादा हाय? जित्या माणसाला मारलंत गं! आन् मी एस्टीत रडत आले तरडगावपासनं." चहासुद्धा न घेता ती गेली. माप द्यायला आलेली बाईही उद्या येते म्हणून गेली. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, पण तासाभरात अख्ख्या गल्लीला बातमी कळलेली होती.

आईनं दुकानाचं दार लोटून घेतलं. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये एक पडदा. बाहेर पाटी होती, 'सौ. शालन घोलप, लेडीज टेलर्स'. त्यातलं 'सौ.' पाटीवरच्या बाकी अक्षरांच्या दीडपट मोठं. शाळेत पोरी मला त्यावरून चिडवायच्या.

"माझी चिठ्ठी कुठाय?" आईनं विचारलं.

तिनं मापाच्या कागदामागं मजकूर लिहून मला प्रेसमध्ये पाठवलं होतं. वाकड्यातिकड्या अक्षरात, 'सौ. शालन व श्री. वसंत यशवंत घोलप यांची कन्या'.

"फाडली."

"तुला कुणी विचारलं होतं?"

"पत्रिका माझ्या लग्नाची आहे."

"नाव माझं आहे," आई म्हणाली. "माझ्या नावामागं काय लावायचं ते तू ठरवणार?"

मी बी.कॉम. झालेली होते. तिला समजावून सांगण्याचा आव आणला. श्रीमती हा आदराचा शब्द आहे, आमच्या कॉलेजात लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या मॅडमना श्रीमती लिहितात, सरकारी कागदावरसुद्धा तेच असतं, लोक अडाणी आहेत त्याला मी काय करू. हे सगळं मी तिला सांगितलं. तीही ऐकत होती, पण तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"आणि तुला विधवा केली म्हणून एवढं लागायचं काय कारण आहे?" मला आवरलं नाही. "तू कोणाची सवाष्ण आहेस? एकोणीस वर्षांत त्यानं एक पोस्टकार्ड टाकलं? मला टायफॉइड झाला तेव्हा आला? तो तिकडं दुसरीबरोबर मजेत आणि तू इथं त्याच्या नावानं टिळा लावून बसतेस. मला लाज वाटते. पाटीवर तर एवढी मोठी सौ.! लोक हसतात तुला."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. चोवीस वर्षांच्या, पाच दिवसांनी बोहल्यावर चढणाऱ्या मुलीच्या. कात्री चालवणाऱ्या बाईचा हात होता, कानात शीळ वाजली. मी रडले नाही. मला रागच इतका आला होता की रडायला सवडच नव्हती.

त्यानंतर आमचा अबोला सुरू झाला. एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, मी हुकं लावतेय आणि ती मशीन मारतेय, पण शब्द नाही. जेवायला वाढलेलं ताट ती माझ्यासमोर सरकवायची, तेसुद्धा पायानं सरकवल्यासारखं.

आणि लोक येत राहिले. पत्रिका पोस्टानं गावोगाव गेल्या होत्या. बुधवारी सकाळी वाठारची दोन माणसं आली, तोंडं पाडून. आई दारातच उभी राहिली. "आमच्यात कुणी गेलेलं नाही," ती म्हणाली. "छापताना चूक झाली. लग्नाला या." त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बघून बरंच वाटत होतं. ज्या नावाला ती इतकी चिकटून बसली होती, त्याचं आता तिला दाराशी उभं राहून स्पष्टीकरण द्यावं लागत होतं.

बुधवारी दुपारीच होणाऱ्या सासूबाई आल्या. अनसूया शिंगटे, कोरेगावच्या. उंच, गोऱ्या, बोलायला मऊ. त्यांच्याबरोबर रघुमामा होता, आईचा धाकटा भाऊ. तो आधीच घाम पुसत होता. मला वाटलं, आता लग्न मोडायला आल्या. पण त्या हसत होत्या. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून त्यांनी पाणी घेतलं.

"विहीणबाई, मी काही भांडायला आलेली नाही हं," त्या म्हणाल्या. "उलट बरंच झालं म्हणते मी."

"काय बरं झालं?" आईनं विचारलं.

"हेच, पत्रिकेचं. बैठकीत तुम्ही खरं ते सांगितलंत, आम्ही मनावर घेतलं नाही. पोरगी चांगली आहे, विषय संपला. पण आमच्या भाऊबंदांना कुठं माहीत होतं? बाप कुठाय, बाप का नाही, शंभर तोंडांना शंभर उत्तरं द्यावी लागली असती. आता सगळे पत्रिका वाचून म्हणतात, बिचारीला वडील नाहीत. गप्प बसतात. गेलेल्या माणसाची कोण चौकशी करतंय?"

"ते गेलेले नाहीत," आई म्हणाली.

"मला माहीत आहे ना. तुम्हाला माहीत आहे. पण आता छापलंच आहे, तर त्या दिवसापुरतं तसंच राहू द्या. कन्यादानाला मामा-मामी बसतील. तुम्ही आपलं..." त्यांनी आईच्या कपाळाकडं बघितलं आणि लगेच नजर काढली. "जरा साधं राहायचं. एवढंच."

साधं राहायचं म्हणजे काय, ते कळायला शिक्षण लागत नाही. पांढऱ्या कपाळानं, मोकळ्या गळ्यानं, मांडवाच्या कडेला.

आई रघुमामाकडं वळली. "तुला पटतंय हे?"

"अक्का, एका दिवसाचा प्रश्न आहे," मामा म्हणाला. "लग्न एकदा पार पडू दे."

मग आईनं माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आता बोलली. "उजू, तू काय म्हणतेस?"

माझा गाल अजून हुळहुळत होता. मी सुईत दोरा ओवत होते. तो ओवून झाला, गाठ मारली, आणि मग म्हणाले, "मामा बरोबर बोलतोय. एका दिवसाचाच तर प्रश्न आहे."

 आई उठली, मशीनवरचं कापड उचललं आणि सुईखाली धरलं. "बरं," ती म्हणाली. "मामा-मामी बसू देत. मी मांडवात येत नाही. माझ्या ऑर्डरी आहेत."

"अहो, असं कसं, तुम्ही आई..." सासूबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात सुटका ऐकू येत होती. मशीन सुरू झालं. त्या आवाजात पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही.

मला वाटलं, येईल. रविवार उजाडला की राग गिळून येईल. पोरीचं लग्न सोडून कुठली आई घरात बसते? गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तिनं मामीला माझे दागिने दिले, रुखवताच्या याद्या दिल्या, कुठल्या डब्यात काय आहे ते दाखवलं. स्वतःची साडी मात्र कपाटातून काढली नाही. लग्नासाठी घेतलेली मोरपंखी साडी घडीच्या घडी तशीच होती. शुक्रवारी संध्याकाळी मी हळूच कपाट उघडून बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं, ही खरंच येणार नाही.

शनिवारी हळद होती. दुपारी शिंगट्यांकडच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. सासूबाई पुढं होत्या. आतल्या खोलीत पाट मांडला, मला बसवलं. पाच सवाष्णी हव्या होत्या. त्यांच्या तिघी, आमची मामी आणि शेजारच्या इनामदारबाई. हळदीच्या वाटीत आंब्याची पानं बुडवून त्या माझ्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावायला लागल्या. कुणीतरी गाणं धरलं.

गाणं संपलं तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला. खर्र, खर्र. मध्ये थोडा थांबायचा, परत सुरू व्हायचा.

"उंदीर आहे काय?" शिंगट्यांकडची एक बाई म्हणाली.

मामीनं माझ्या गालाला हळद लावली, त्याच गालाला. आवाज चालूच होता. मी हा आवाज लहानपणापासून ऐकत आले होते असं मला वाटलं, आणि तरी ओळखता येईना. मी पाटावरून उठले.

"अगं उठायचं नसतं!" मामी म्हणाली. तोवर मी पडदा बाजूला करून दुकानात गेले होते.

आई जमिनीवर बसली होती. समोर उरलेल्या पत्रिकांची चळत होती. गल्लीत हातोहात वाटायच्या चाळीसेक पत्रिका बाकी होत्या. तिच्या हातात अर्धं ब्लेड होतं, शिवण उसवायचं. ती पत्रिका उघडायची, गुडघ्यावर धरायची आणि 'श्रीमती' हा शब्द खरवडून काढायची. चुकलेली शिवण उसवावी तसा, एकेका अक्षरानं, कागद न फाडता. नाव राहायचं. नावाआधी एक पांढरा, खरखरीत डाग राहायचा.

"काय करतेस?"

"दिसत नाही?"

"तिथं आता काय लिहिणार?"

"काही नाही. तू सौ. ठेवली नाहीस, मला श्रीमती नको. शालन घोलप म्हटलं की गल्लीला कळतं." ती वर न बघता बोलत होती. "जा, हळद वाळेल."

मी तिच्यासमोर खाली बसले. शेवटची संधी आहे असं मला आतून वाटत होतं. उद्या ही खोली सोडून मी जाणार आणि ही बाई ह्याच मशीनवर बसलेली असणार.

"आई, मला माहीत होतं," मी म्हणाले.

ब्लेड थांबलं.

"श्रीमतीचा लोक काय अर्थ घेतात ते मला माहीत होतं. प्रेसमधले गुंडकाका म्हणालेसुद्धा, उजू, आपल्याकडं लोक वाईट अर्थ काढतात, त्यापेक्षा नुसतं नाव टाकू या. मीच म्हटलं, श्रीमतीच टाका. मला तो मेलेला हवा होता. पत्रिकेत तरी."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "गुंडभाऊ गुरुवारी येऊन सांगून गेले. माझी चूक नव्हती वहिनी, म्हणाले." आता तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मारायचंस ना मग त्याला. तुझा बाप आहे, तुझा हक्क आहे. माझं कुंकू कशाला पुसलंस?"

मी पायावरची वाळलेली हळद नखानं खरवडत राहिले. 

"आणि मारलंस ते मारलंस," ती म्हणाली, "बुधवारी चारचौघांत मी तुला विचारलं. तू दोरा ओवत बसलीस. एका दिवसाचा प्रश्न! तुला कळतं तरी का, एक दिवस म्हणजे काय? मी एकोणीस वर्षांत एक दिवस कुणाला दिला नाही."

"उद्या तू मांडवात ये."

"येत नाही."

"कन्यादानाला तूच बसायचं."

"श्रीमती घोलप कोण आहेत त्यांना बसव," आईनं सांगितलं आणि पुढची पत्रिका उचलली.

मागं पडदा सरकला. सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागून चार तोंडं डोकावत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं; मधल्या पडद्यातून ह्या घरात काहीच लपत नव्हतं.

"उज्ज्वला, हळदीची नवरी अशी उठून येत नाही," त्या म्हणाल्या. "चल आत. उद्याचं काय ते आमचं ठरलेलं आहे."

मी उठून उभी राहिले. 

"पत्रिका चुकीची छापली आहे," मी म्हणाले. "चुकून नाही, मी मुद्दाम छापली. माझे वडील जिवंत आहेत, इचलकरंजीत आहेत, आम्हाला टाकून गेलेत. तुमच्या भाऊबंदांनी विचारलं तर हेच सांगा, नाहीतर मी सांगते. कन्यादानाला माझी आई बसेल. एकटी बसेल आणि कुंकू लावून बसेल."

"आणि नाही बसली तर?"

"तर ही हळद मी आत्ता धुऊन टाकते."

रघुमामा बाहेर ओट्यावर होता, तो आत येऊन माझ्यावर ओरडला. मामी रडायला लागली. सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढच्या दहा वर्षांत त्या मला काय काय बोलणार आहेत ते मला तिथंच कळलं. त्यातलं बरंचसं त्या बोलल्याही.

"हिच्या जिभेला हाड नाही विहीणबाई," त्या आईला म्हणाल्या.

"माझ्यावर गेली आहे," आई म्हणाली. "लग्न करायचं का मोडायचं ते तुम्ही ठरवा. मला मात्र ह्या पत्रिका संध्याकाळच्या आत वाटायच्या आहेत."

लग्न मोडलं नाही. अविनाश, माझा नवरा, जानवशावरून निरोप पाठवून म्हणाला की कुणीही बसा पण वेळेवर बसा. ह्यापलीकडं त्यानं त्या प्रकरणात तोंड घातलं नाही, आणि मी त्याला अजून त्यावरून टोचते.

आई येणार का, हे मला रविवारी सकाळी मुंडावळ्या बांधेपर्यंत माहीत नव्हतं. ती आली. मोरपंखी साडी नेसून, कपाळावर नेहमीचं कुंकू लावून, कुणाकडं न बघता. माझ्याकडंसुद्धा नाही. मांडवात कुजबुज झाली. शिंगट्यांच्या भाऊबंदांतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "ही तर सवाष्ण दिसतीय!" आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

भटजींनी दोन पाट मांडले होते. आई एकावर बसली. दुसरा रिकामा. भटजींनी इकडं तिकडं बघितलं, मग हळू आवाजात म्हणाले, "यजमान नसले तरी चालतं. आपण त्यांच्या जागी सुपारी ठेवू." आणि त्यांनी खरंच एक सुपारी काढून त्या रिकाम्या पाटावर ठेवली, वर अक्षता टाकल्या.

आईनं त्या सुपारीकडं बघितलं. मला वाटलं, आता ती गप्प बसणार. एवढी वर्षं ती ज्याच्यासाठी भांडली ते असं समोर आलं होतं. नवऱ्याची जागा, नवऱ्याच्या नावानं सुपारी.

"सुपारी नको," आई म्हणाली.

"अहो, शास्त्र आहे..."

"मी बसलेय ना? सांगा काय म्हणायचं ते." तिनं सुपारी उचलली, तबकात परत टाकली आणि रिकामा पाट स्वतःच्या हातानं बाजूला सरकवला. भटजी पळीतलं पाणी सांडेपर्यंत बघत राहिले. मग मंत्र सुरू झाले. आईच्या ओंजळीत माझा हात होता. तो तिनं इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली, आणि तो मायेनं दाबलेला नव्हता. राग होता त्यात. निघताना मी पाया पडले तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मोठी झालीस." एवढंच. रडली नाही.

चौथ्या दिवशी मांडवपरतणाला मी फलटणला आले. रिक्षातून उतरले आणि आधी वाटलं की चुकीच्या दारात आले. पाटीवर 'शालन घोलप, लेडीज टेलर्स' एवढंच होतं. पुढच्या मोठ्या 'सौ.'च्या जागी खरवडलेला पत्रा चमकत होता.

आई मशीनवर होती. कपाळावर कुंकू होतं. मी तिथंच विचारलं, "पाटीवरची सौ. कुठाय?"

"खरवडली."

"कधी?"

"तू गेलीस त्या संध्याकाळी."

"मी बोलले म्हणून?"

"तू बोललीस म्हणून मी पाट्या बदलायला लागले तर झालंच." तिनं दोरा दातानं तोडला.  मी पिशवी खाली ठेवली. ती परत बोलली तेव्हा आवाज कापडाचा भाव सांगावा इतका साधा होता.

"वसंत गेला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस."

मी बघतच राहिले. त्याचं नाव. तिच्या तोंडून.

"घरमालकाचा भाऊ नळ बघायला म्हणून दोनदा येऊन गेला. नळाला काही झालेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तू इथं ह्याच जागी चिंध्यांशी खेळत होतीस, त्यानं तुला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं. म्हटलं, सौ. मोठी काढ. तो म्हणाला, बाई, एवढी मोठी वाईट दिसेल. म्हटलं, रस्त्यावरून दिसली पाहिजे. ह्या घरात बाप्या आहे, आज नाही तर उद्या दारात उभा राहील, असं वाटलं पाहिजे येणाऱ्याला. पुढं तू मोठी झालीस, तेव्हा परत रंग देऊन घेतला."

बाहेरून रिक्षा गेली. आईनं कापड फिरवलं आणि सुईखाली सारखं केलं.

"आता पोरगी गेली तिच्या घरी. मला एकटीला कशाला पाहिजे ती?"

मला तिच्या पायाशी बसावंसं वाटत होतं. तिच्या मांडीत तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं. पण ती काही तसलं करू देणारी बाई नव्हती, आणि मीही तसली मुलगी नव्हते. तोंडातून आलं ते भलतंच.

"मग कुंकू का लावतेस अजून?"

"ते मला शोभतं," आई म्हणाली. "आणि हे बघ, चिठ्ठी फाडलीस ते मी विसरणार नाही. चार वेळा लिहून काढली होती मी ती." ती विसरलीही नाही. शेवटच्या आजारपणात, माणसं ओळखेनाशी झाली तेव्हासुद्धा, तिनं मला एकदा विचारलं होतं, माझी चिठ्ठी कुठाय म्हणून.

त्या दिवशी मात्र तिनं एक ब्लाउज माझ्याकडं फेकला. "नवी नवरी म्हणून उभी राहू नकोस. हुकं लावायची राहिलीत. संध्याकाळी द्यायचा आहे."

मी चिंध्यांच्या ढिगाजवळ खाली बसले आणि सुईत दोरा ओवला.